बशीनं झाकलेला चहा

वरची खोली बघायला आलेल्या कुटुंबाला मी सवयीनं विचारलं, "दिवाळीला गावाकडं कधी जाणार?" ते काबूलहून जीव वाचवून आले होते.

त्यांना घेऊन आलेले गृहस्थ नांदेडातल्या एका छोट्या मानवाधिकार संघटनेचे. निर्वासितांसाठी दारोदार फिरताना मला नेहमी दिसतात. काम होईपर्यंत कुणाकडं चहा पीत नाहीत, कपावर बशी झाकून ठेवतात. आमच्याकडंही झाकली.

"भाऊ, परदेशी म्हणून यांना कुणी खोली देईना. पोलीस विचारायला आले तर मला बोलवा, मी येतो."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. हे मी नेहमी विचार न करताच म्हणतो.

बायको म्हणाली, "भाडेकरू दिवाळीला घर सुनं टाकून जातात म्हणून तुम्हीच ओरडता ना? किल्ली द्या. त्यांचा चहा निवायलाय."