टॉवेल टाकलेली खुर्ची

भावासाठी पळाले असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही, पण पायांत जोर आला तो रागानं.

धाकटा रग्बी खेळायचा. शिरूर कासारात रग्बी म्हटलं की लोक हसायचे. अंड्यासारखा चेंडू काखेत मारायचा आणि एकमेकांच्या अंगावर पडायचं, ह्याला खेळ म्हणायचं का, असं आमचे आबाच विचारायचे. पण चांगलं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीत नंबर लागतो, म्हणून पोरं मुरमाच्या मैदानावर कोपरं सोलून घ्यायची. तिथंच एका सामन्यात धाकटा मानेवर पडला आणि त्याचे पाय गेले. त्याच झटापटीत त्याच्या जोडीदाराचा गुडघा फुटला.

गावानं वर्गणी काढली, दोघांना पुण्याला न्यायचं ठरलं. तेवढ्यात आमचे पुढारी आले. त्यांना सगळे साहेब म्हणतात. धाकट्याच्या खाटेपाशी फोटो काढले आणि बाहेर माइकवर म्हणाले, "दोन्ही पोरांचा सगळा खर्च आपल्याकडं!" टाळ्या पडल्या. आणि आमच्या आबांनी काय करावं? गोळा झालेली वर्गणी घरोघरी जाऊन परत केली. "साहेबांनी शब्द दिलाय. मग लोकांचे पैसे कशापायी ठेवायचे?" आई म्हणाली, जरा थांबा. आबा ऐकतात होय!

साहेबांकडून छदाम आला नाही. बंगल्यावर गेलं की साहेब मुंबईला गेलेले. पुन्हा गावात हात पसरावा तर लोक म्हणायचे, "आता काय कमी हाय तुमाला, साहेबांनी दिलं की." मेल्यानं स्वतः तर दिलं नाहीच, देणाऱ्यांचेही हात बांधून ठेवले. डॉक्टर सांगत होते, उशीर करू नका, उपचार झाले तर पोरगं उभं राहील. धाकटा खाटेवर वाळत चालला, आबांनी पारावर जाणं सोडलं. मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटायचं.

मग साहेबांच्या वाढदिवसाची मॅरेथॉन जाहीर झाली. आमच्याकडं पाच किलोमीटर पळवलं तरी मॅरेथॉनच म्हणतात, पण साहेबांना मोठेपणा हवा होता, म्हणून पुरी बेचाळीस ठेवली. मी भरतीसाठी आष्टीच्या रस्त्यानं रोज पळायचेच. नाव दिलं.

वाटेत कमानी, कमानीवर हात जोडलेले साहेब. मी प्रत्येक फोटोला एक शिवी देत पळाले. दम लागल्यावर मनातल्या मनात दिली. बायकांत पहिली आले.

स्टेजवर मला फेटा बांधला, हातात माइक दिला. मी म्हणाले, "साहेब, दोन पोरांचा खर्च तुमी देणार होता. लई दिवस झाले, अजून आला न्हाई." साहेब हसले, माइक घेतला आणि म्हणाले, "ताईंच्या भावाचा सगळा खर्च आपल्याकडं!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तीच माणसं, तशाच टाळ्या!

माझं डोकंच फिरलं. मागं साहेबांची खुर्ची होती, पांढरा टॉवेल टाकलेली. साहेब नसले तरी तिच्यात कुणी बसत नाही. मी जाऊन बसले, तशीच घामानं निथळत. "पैसे हातात पडल्याबिगर उठणार न्हाई."

"उठ गं, येडी झालीस का?" म्हणत एक कार्यकर्ता धावला. पण समोर सगळ्यांचे मोबाईल वर झालेले, बाईच्या अंगाला हात लावणार कोण? केक वितळायला लागला. साहेब स्वतःच्या वाढदिवसाला, स्वतःच्याच स्टेजवर ताटकळत उभे. मी त्यांच्या टॉवेलनं तोंड पुसलं. काय सांगू, असं गोड आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

शेवटी साहेब कुणाच्या तरी कानाला लागले. पुढच्या रांगेतले ठेकेदार उठले, खिशांत हात गेले. दोन्ही पोरांपुरते पैसे माझ्याच फेट्यात बांधून मिळाले, तेव्हा मी उठले.

घरी धाकट्यानं पडल्या पडल्या मोबाईलवर सगळं पाहिलं होतं. "ताय, लई येळ उभं केलंस गं त्याला."

"मग! सोडते काय?"

"पाय दुखले असतील की त्याचे."

"दुखू दे मेल्याचे."

धाकटा हसला. किती दिवसांनी हसला. मग पांघरुणाखालच्या आपल्या पायांकडं बघत म्हणाला, "माझे कवा दुखतील गं?"

आबांनी फेटा उचलला आणि पुण्याची गाडी ठरवायला बाहेर पडले.