काकूंनी शिवलेल्या सीटवर

आमच्या गावाची गाडी दोनच डब्यांची. नदीवरचा पूल ओलांडून, काठाकाठाने ती धक्क्याजवळच्या आमच्या स्टेशनात येते. पुढे रूळच नाहीत, त्यामुळे आल्या वाटेने जंक्शनला परत जाते. मी तिथे तिकिटं द्यायचो, आणि काकू गाडीच्या सीटा शिवायच्या.

कुणाच्याच सख्ख्या नसल्या तरी त्या सगळ्यांच्या काकू होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी शिवणकामावर घर चालवलं, सासूबाईंना सांभाळलं. गाडी सकाळी नऊला येई, अकराला सुटे. मधल्या वेळात काकू दाभण, मेण लावलेला दोरा आणि काथ्याची पिशवी घेऊन रिकाम्या डब्यात शिरायच्या. बावीस वर्षं त्या रोज गाडीत चढल्या, पण गाडीने गेल्या मात्र कुठेच नाहीत. माणसं चढायच्या आत त्या खाली उतरलेल्या असायच्या.

एका सोमवारपासून नवं वेळापत्रक लागू झालं. गाडी आता साडेदहालाच सुटणार होती. मी फलक लावला, मास्तरांना सांगितलं, हमालांना सांगितलं. काकूंना सांगायचं मात्र साफ विसरलो.

त्या मागच्या डब्यात शेवटच्या सीटखाली उताण्या पडून पट्टा टाचत होत्या. पावलं वाजली ती त्यांना झाडूवाल्यांची वाटली. गचका बसला आणि दाभण बोटात घुसलं. बोट तोंडात धरून त्या बाहेर सरपटल्या, तर खिडकीतून धक्का मागे मागे चाललेला!

समोर नवा गार्ड उभा. "तिकीट?"

"अहो, मी सीटा शिवते."

"शिवत असाल. पण गाडीत बसायचं तर तिकीट लागतं."

"बसलेय कुठे? मी तर खाली झोपले होते!"

डबाभर हशा पिकला. गार्डलाही हसू आवरेना. तेवढ्यात पलीकडे दोघांची जुंपली. एक जाडजूड गृहस्थ आणि एक शाळेतल्या बाई एकाच सीटसाठी हटून बसले होते.

"मी रोज इथेच बसते. याच सीटवर माझी पाठ दुखत नाही."

"पाठ काय तुम्हालाच आहे?"

काकूंनी पाहिलं आणि त्यांना आठवलं. मागच्या महिन्यात त्या सीटचं कापड चुकून मोठं कापलं गेलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आत दीडपट काथ्या कोंबला होता.

"भांडू नका," त्या म्हणाल्या, "उद्या समोरचीही तशीच करून देते."

मग काय विचारता! हिला जरा मऊ करा, त्या खिडकीपाशी काहीतरी टोचतं, असं ज्याचं त्याचं सुरू झालं. त्या बाईंनी काकूंना हाताला धरून भांडणाच्या सीटवरच बसवलं. काकू सांगतात, "इतकी वर्षं मी सीट हाताने दाबून बघायचे. माणसं तिच्यावर टेकतात, डुलक्या काढतात, हे कधी पाहिलंच नव्हतं. ऊर भरून आला बघ." मग पूल आला. वरून सगळी नदी दिसली, आणि काडेपेटीएवढं आपलं घर.

इकडे गाडी सुटल्यावर काकू कुठेच दिसेनात, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली होती. बाराच्या सुमारास जंक्शनहून फोन आला.

"काकू, चुकलंच माझं! दुपारच्या गाडीने परत या."

"दुपारच्या? छे! इथे चार बाजूंच्या गाड्या येतात. सगळ्यांत बसून बघायचंय मला. संध्याकाळी येईन. सासूबाईंना तेवढं सांग."

तोंड पाडून मी त्यांच्या घरी गेलो. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, जिभेला धार. सगळं ऐकून घेतलं आणि टाळीच वाजवली.

"गेली? अखेर गेली एकदाची! अरे, किती वर्षं सांगतेय, घरकोंबड्यासारखी बसू नकोस म्हणून."

"पण आजी, तुमच्या जेवणाचं?"

"बटाटे उकडायला मला हात नाहीत का? तूही बस जेवायला. गिळताना तोंड सरळ होईल तुझं."

संध्याकाळी काकू उतरल्या त्या भराभरा बोलतच. जंक्शनच्या साहेबांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "उत्तरेच्या गाडीची सीट म्हणजे नुसती फळी आहे." साहेब स्वतः जाऊन बसले, कळवळून उठले आणि त्यांनी त्या गाडीचंही काम काकूंनाच दिलं.

आता आठवड्यातले दोन दिवस काकू जंक्शनला असतात. सासूबाईही हट्टाने बरोबर जातात. फलाटावरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठली गाडी कुठे मिळते ते सांगतात. निम्मं चुकीचं सांगतात. पण इतक्या ठसक्यात, की माणसं तिकीट-खिडकीवर येऊन तिथे तिकिटं देणाऱ्या माझ्या मित्राशीच वाद घालतात.