मंदाकिनीबाईंना घ्यायला गाडी

ज्ञानदेव रणपिसे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात त्यांच्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलली गेली आणि प्रवासाबद्दल दहा मिनिटं. साधं बारामतीला जायचं असलं तरी हा गृहस्थ बायकोमुलीला घेऊन तासभर आधी स्वारगेटवर हजर. तिकिटं आतल्या खिशात, तिकिटांच्या झेरॉक्स पिशवीत. "रणपिसे, एसटी काय तुम्ही पोचल्यावर जोडायला घेतात?" असं साहेबांनीच एकदा विचारलं होतं. सगळं ऑफिस हसलं. ज्ञानदेवांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

मंदाकिनीबाईंना या सगळ्याची सवय झाली होती. प्रवासात त्या खिडकीपाशी बसायच्या आणि बाहेर बघायच्या. कंडक्टरशी बोलायचे ते नवरोबा, हमालाशी घासाघीस करायचे तेही तेच. बाई सातवी शिकलेल्या. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या निम्म्या सोसायटीच्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. इंग्रजीत मात्र त्यांना फक्त आपलं नाव येत होतं. पासपोर्टच्या सहीसाठी मुलीने, सुरुचीने, ते त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

सुरुची आणि जावई सलिल दोघंही जर्मनीत नोकरीला. ल्यूबेक नावाच्या गावात घर, जवळचं मोठं विमानतळ हॅम्बुर्गचं. सुरुचीला दिवस राहिले तसं ज्ञानदेवांनी कामाला हात घातला. दोघांचे व्हिसा काढले, तिकिटं काढली, थंडीचे कपडे आणले. आणि जायला तीन आठवडे उरले असताना हडपसरच्या मंडईतून भाजी घेऊन येताना मागून एका टेम्पोने त्यांच्या स्कूटरला धक्का दिला. उजव्या पायाचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर.

"विमानाचं नावही काढू नका," डॉक्टर म्हणाले.

"मग मीही जात नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तिचं पहिलं बाळंतपण आणि तू जात नाहीस? ज्ञानदेवांनी पलंगावर पडल्या पडल्या त्यांना चार दिवस समजावलं. वाटेत दुबईला विमान बदलायचं होतं. व्हीलचेअर सांगू का, ढकलणारा माणूस थेट पुढच्या विमानापर्यंत नेऊन सोडतो, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "लंगडे तुम्ही. मी कशाला खुर्चीत बसू?" शेवटी त्या तयार झाल्या त्या ज्ञानदेवांच्या एका वाक्यावर. "तू फक्त बसायचं. बाकी सगळं मी इथून बघतो."

निघायच्या दिवशी संध्याकाळी पोपटची गाडी आली. पोपट मांजरीचाच. त्याच्या वडिलांचा ऊस जिथे उभा असायचा तिथेच आता ज्ञानदेवांची सोसायटी उभी होती. "साहेब, तुमी काय बी काळजी करू नका," तो म्हणाला. "वहिनी आत गेल्याबिगर मी मुंबैतनं हलायचा न्हाई."

गाडी द्रुतगती मार्गाला लागली असेल नसेल, तोच सलिलचा फोन आला. आवाज चढलेला. "बाबा, सुरुचीला ॲडमिट करायला लागलंय. डॉक्टर म्हणतायत, आज-उद्या कधीही. मला एअरपोर्टवर यायला जमेल असं वाटत नाही. आईंसाठी गाडी बुक करतो मी."

"तू तिला सोडून काही करू नकोस," ज्ञानदेव म्हणाले. "गाडीचं मी बघतो."

हे म्हणताना त्यांना बरंच वाटलं. सुरुचीचं बाळंतपण लांबलेलं नव्हतं, घाई झाली होती, म्हणून काळजी होती. पण तीन आठवडे पाय उशीवर ठेवून दुसऱ्यांच्या हातचं पाणी पिणाऱ्या माणसाला एक काम मिळालं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि फोनवर शोधायला बसले. बऱ्याच कंपन्या निघाल्या. ड्रायव्हर विमानतळाच्या आत येतो, नावाची पाटी घेऊन उभा राहतो, सामान उचलतो, घराच्या दारात सोडतो. त्यातली एक त्यांनी निवडली. विमानाचा नंबर तीनदा पडताळून घातला. नाव, फोन, पत्ता, सगळं भरलं. 'तुमची गाडी निश्चित झाली आहे' असा इंग्रजी निरोप आला तेव्हा त्यांनी लगेच मंदाकिनीबाईंना फोन लावला.

"हे बघ. सलिल येणार नाही. सामान घेऊन बाहेर आलीस की एक माणूस उभा असेल. हातात पाटी, पाटीवर नाव."

"कोणाचं नाव?"

"कोणाचं म्हणजे? आपलंच."

"बरं."

"आणि दुसरा कोणी काही बोलला तर त्याच्याबरोबर जायचं नाही. माणूस दिसला नाही तर तिथेच खुर्ची बघून बसायचं. जागचं हलायचं नाही. मी बघतो."

"बरं," त्या पुन्हा म्हणाल्या. मागून पोपटच्या गाडीतलं गाणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुबईहून त्यांचा आवाजी निरोप आला. विमानतळाचं वायफाय कुणा बीडच्या मुलाने लावून दिलं होतं. "पोचले. दुसऱ्या विमानाच्या दारापाशी बसलेय. इथे फार गार आहे हो." ज्ञानदेवांनी तो चार वेळा ऐकला. सलिलचाही मेसेज होता, अजून काही नाही, कळा सुरू आहेत.

विमान हॅम्बुर्गला उतरलं तेव्हा पुण्यात संध्याकाळचं ऊन गॅलरीतून पलंगापर्यंत आलं होतं. फोनवर विमानाचं चित्र थांबलेलं त्यांना दिसलं. थोड्या वेळाने कंपनीचा निरोप आला, ड्रायव्हर आगमन कक्षात पोचला आहे. ज्ञानदेवांनी बायकोला फोन लावला. लागला नाही. परदेशात फोन चालण्यासाठीचा पॅक त्यांनी स्वतः टाकला होता, पण तो सुरू करायला फोनमध्ये एक बटण दाबावं लागतं, आणि ते कसं दाबायचं हे बाईंना दाखवायचं राहून गेलं होतं. मेसेजवर एकच बरोबरची खूण उमटत होती.

असेल, सामान यायला वेळ लागतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग म्हणाले, पासपोर्टच्या रांगेत असेल. अर्ध्या तासाने निरोप आला की ड्रायव्हर अजून वाट पाहतो आहे, प्रवासी दिसत नाही. सोबत त्याने फोटो पाठवला होता.

फोटोत काळ्या कोटातला एक मनगटापर्यंतचा हात होता. हातात पाटीसारखा धरलेला चकचकीत टॅबलेट. आणि त्याच्या पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ज्ञानदेव.

ते बघतच राहिले. नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव भरलं होतं. चाळीस वर्षं प्रत्येक तिकिटावर, प्रत्येक खोलीच्या बुकिंगवर भरत आले तसं. बोटं आपोआप गेली होती. तिकडे बाई आपल्या नावाचं पहिलं अक्षर शोधत फिरत असणार आणि तो माणूस एका पुरुषाची वाट बघत उभा असणार.

कंपनीला फोन लावला तर आधी यंत्र बोललं, मग गाणं वाजलं, मग पुन्हा यंत्र. त्यांनी मेसेज लिहिला. इंग्रजी पत्रव्यवहारात उभी नोकरी गेली होती, पण आता वाक्य जुळेना. 'प्रवासी माझी पत्नी आहे, कृपया तिला हाक मारा,' एवढं लिहायला त्यांना फार वेळ लागला. उत्तर तत्काळ आलं: आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल. त्यानंतरचा निरोप ड्रायव्हर निघून गेल्याचा होता. थांबायची वेळ संपली होती, त्याला पुढचं भाडं होतं.

फोनची बॅटरी संपत आली होती. चार्जर टीव्हीपाशी. वॉकर पलंगाला टेकवलेला होता, तो हाताला लागता लागता घसरून खाली पडला. ज्ञानदेवांनी खाली वाकून बघितलं, हात पुरत नव्हता. मग त्यांनी शेजारच्या कल्याणीला फोन केला.

कल्याणी खराडीच्या एका कंपनीत कामाला होती, आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करायची. त्यांच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. हेडफोन गळ्यात तसाच ठेवून ती आली. त्यांचा चेहरा बघून आधी तिला वाटलं, पडले की काय.

"मी नाही पडलो," ज्ञानदेव म्हणाले. "ती हरवलीय."

"काका, डोन्ट पॅनिक. हरवायला ते काय जंगल आहे का? एअरपोर्ट आहे." तिने चार्जर लावला, सगळं ऐकून घेतलं, विमानतळाच्या चौकशीचा नंबर शोधून काढला. तिचं सफाईदार इंग्रजी ज्ञानदेव कानात प्राण आणून ऐकत होते. पलीकडची बाई सौजन्याने बोलत होती. स्पीकरवरून पुकारा करते म्हणाली.

पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, पुकारा दोनदा झाला. कोणी आलं नाही.

"इंग्रजीत केला असेल ना," ज्ञानदेव म्हणाले. "तिला नाही कळणार."

"मी विचारलं काका, मी फोनवरून मराठीत बोलू का म्हणून. तसं करता येत नाही म्हणाली."

"हिरवी साडी आहे म्हणावं. वर राखाडी स्वेटर. लाल बॅग."

कल्याणीने तेही सांगितलं; शोधायला पाठवायला माणूस मोकळा नाही, असं उत्तर आलं. मग ती म्हणाली, "माझी मीटिंग आहे, पण मी इथेच बसते, कॅमेरा बंद करून." ती खुर्चीवर बसली आणि कुठल्याशा आकड्यांबद्दल हळू आवाजात बोलू लागली. ज्ञानदेव फोनकडे बघत पडून राहिले. त्यांना एकच चित्र दिसत होतं. एक बाई, पायाशी लाल बॅग, समोरून माणसं चाललेली. तिला तहान लागली असेल का? संडासला जायचं असेल तर बॅग कोणाजवळ ठेवेल? हे सगळं आजवर त्यांनीच बघितलं होतं. अमुक ठिकाणी बाथरूम आहे, मी बॅगेपाशी थांबतो, तू जाऊन ये.

सलिलला फोन करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटी केला. बंद होता. पुन्हा केला. मग मेसेज केला. गाडी चुकली, आई सापडत नाही, एवढंच लिहिलं.

बऱ्याच वेळाने सलिलचा फोन आला. मागे कोणीतरी कण्हत होतं. ते कोण, हे ज्ञानदेवांना कळलं.

"बाबा, किती वेळ झाला याला?"

"तू नको जाऊस," ज्ञानदेव म्हणाले. "मी दुसरी गाडी बघतो."

"दुसऱ्या गाडीला तरी त्या कशा ओळखणार?"

मागून सुरुचीचा आवाज आला, तुटक, दात आवळलेला. "जा ना तू! आई एकटी आहे तिकडे. जा!"

सलिल गेला. हॅम्बुर्ग तासभराच्या अंतरावर होतं, वाटेत रस्त्याचं काम. त्याला मंदाकिनीबाई सापडल्या त्या बाहेर येण्याच्या दरवाजासमोर, तिसऱ्या खुर्चीवर. बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. त्याला बघून त्या उठल्या, आणि पाय जड झाले होते म्हणून पुन्हा बसल्या. तो काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "सुरुची?"

सुरुची तोवर मोकळी झाली होती. तो हमरस्त्यावर कुठेतरी असताना. मुलगी झाली. खोलीत एक नर्स आणि एक डॉक्टर, दोघींची भाषा वेगळी.

दोघं हॉस्पिटलात पोचल्याचं आणि मुलगी झाल्याचं सलिलने ज्ञानदेवांना फोन करून कळवलं. कल्याणीने टाळ्या वाजवल्या, घरातून साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि सलिलला म्हणाले, "सलिल, माझ्यामुळे तू..."

"जाऊ द्या बाबा," सलिल म्हणाला. तो चिडलेला नव्हता, दमलेला होता. चिडला असता तर बरं झालं असतं, असं ज्ञानदेवांना वाटलं.

मंदाकिनीबाई दोन दिवस नीट बोलल्याच नाहीत. बाळ, दूध, शेक, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल केला. त्या स्वयंपाकघरात होत्या, मागे डिंकाच्या लाडवांचं ताट. सांगता सांगता त्यांनी सगळं सांगितलं. बाहेर आल्या तेव्हा पाटीवाले पुष्कळ होते. एकेक पाटी त्यांनी वाचायचा प्रयत्न केला, आपल्या नावाचं पहिलं अक्षर कुठेच नव्हतं. काळ्या कोटातला एक जण त्यांच्याजवळ आलाही होता. "मिस्टर" असं काहीतरी विचारत होता. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मग वरून आवाज आला. माझं नाव घेतल्यासारखं वाटलं हो. माडाकिनी, माडाकिनी. मी उठून उभी राहिले. पण जायचं कुठे ते कळेना. कोणाला विचारायचं तेही कळेना. आवाज बंद झाला, मग बसले."

त्या उभ्या राहिल्या होत्या, हे ज्ञानदेवांना माहीतच नव्हतं. त्या क्षणी इथे ते काय करत होते? बहुधा कल्याणीच्या फोनकडे बघत पडले होते.

"तुमचा पाय कसाय?" बाईंनी विचारलं.

"ठीक आहे. पुढच्या आठवड्यात फोटो काढायचाय."

"मावशी येतात ना स्वयंपाकाला?"

"येतात."

मंदाकिनीबाईंनी एक लाडू वळून ताटात ठेवला. मग फोनकडे न बघता म्हणाल्या, "एक सांगते, रागावू नका. परतीचं काही बुक करू नका तुम्ही. सलिल करील, आणि काय केलंय ते मला दाखवील. मी बघणार आहे."

"बरं," ज्ञानदेव म्हणाले.

"आता बाळ दाखवते," म्हणत त्यांनी हात पुसले आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पडद्यावर भिंत, दार, पडदा असं काय काय हललं आणि मग पांढऱ्या दुपट्यातला एवढासा चेहरा दिसला. झोपलेला. ज्ञानदेवांनी उशीवरून मान उचलली आणि त्या झोपलेल्या पोरीकडे बघून हात हलवला.