निळ्या आभाळाचा फोटो

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही गप्पांची सुरुवात "काय गरमी होऊन राह्यली बाप्पा!" इथूनच होते. मग ज्यांची नोकरीच ती गरमी मोजायची, त्यांच्याकडे किस्से किती साचत असतील, विचार करा! आर्णीजवळच्या आमच्या छोट्याशा हवामान केंद्रात पाऊस पडेल तेव्हा पडेल, किस्से मात्र बारा महिने धो-धो.

माणसं आम्ही तीनच. मी निरीक्षक, म्हणजे काटे वाचणारा. गजूभाऊ शिपाई, म्हणजे केंद्राचे खरे मालक. आणि राठोड मॅडम, जवळच्याच तांड्यातली पोरगी, शास्त्रज्ञ होऊन आपल्याच मुलखात परत आलेली. रोज सकाळी त्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हवामानाचा अंदाज टाकतात.

तर आमच्या अंगणात एक पांढरी लाकडी पेटी आहे, झडपांची, चार पायांवर उभी. आत दोन थर्मामीटर. एकाच्या बुडाला ओलं फडकं, दुसरा कोरडा. दोघांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते काढायचं. एका मे महिन्यात पाहतो तर दोन्ही आकडे सारखे! म्हणजे हवेत ओल शंभर टक्के! बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं, अन् आमच्या कागदावर धुकं पडलेलं! मॅडम धावत आल्या. बघतात तर दुसऱ्या थर्मामीटरलाही कोणीतरी ओलं फडकं गुंडाळलेलं.

"गजूभाऊ, हे काय?"

"मॅडम, एकाले थंडाई, अन् दुसऱ्यानं काय पाप केलं? एवढ्या उन्हात बिचारं कोरडंच उभं होतं!"

माझं डोकं तापलं. मॅडम मात्र पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "गजूभाऊ, पाणी उडून जाताना गरमी सोबत घेऊन जातं. तुमच्या घरचा माठ थंड होतो ना, तेच हे." तेव्हापासून कोणी पाहुणा आला की गजूभाऊ पेटीपुढे छाती काढून उभे राहतात. "याच्यावर मी सोता प्रयोग केलेला आहे!"

दुसरी गंमत टाकीची. दिवसाला किती पाण्याची वाफ होते ते मोजायला आमच्याकडे एक पसरट, उघडी टाकी आहे. तिच्यावर जाळी असते. जाळी धुवायला काढली, ती परत लावायची गजूभाऊ विसरले. त्या दिवशी ऊन नाही, वारा नाही, तरी पाणी भलतंच खाली गेलेलं!

मॅडमनी विचारलं, "आज एवढं बाष्पीभवन कसं काय?"

गजूभाऊंनी शांतपणे कडुनिंबाकडे बोट दाखवलं. वर वानरांचा अख्खा कळप, तोंडं पुसत बसलेला. "ते पाहा, झाडावर बसलं आहे!"

फोन तर विचारूच नका. एकदा मुकुटबनकडचे एक काका भडकलेले. "मॅडम, तुमी रोज म्हणता, तुरळक ठिकाणी पाऊस. हे ठिकाणं निवडते कोण? आमचं गाव कधीच लागत नाही! काय कागदपत्रं लागतात ते सांगा, आणून देतो!"

मॅडमनी समजावलं, "काका, जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढते, वर जाऊन थंड होते अन् ढग उभा राहतो. उभा राहिला तिथंच ओततो. कढईतल्या तेलात बुडबुडा नेमका कुठं येईल, काकूंना सांगता येते काय?"

काकांनी विचारलं, "म्हणजे इथं वशिला चालत नाही?"

"अजिबात नाही."

"मंग ठीक आहे! कधी ना कधी आमच्याकडंही येईनच!" आणि खुशीत फोन ठेवला. सरकारी उत्तरानं माणूस खूश झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

पण मॅडमचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांचे वडील, बापू, तांड्याचे नायक. त्यांचा शब्द म्हणजे तांड्याचा शब्द. मॅडमनी पावसाचा अंदाज टाकला रे टाकला, की बापू त्याच्याखाली एक फोटो टाकत. फक्त निळं आभाळ! खाली एक अक्षर नाही. लगेच सगळा ग्रुप हसून लोळण घेई. त्यात दोनदा अंदाज चुकला, एकदा तुरीच्या वेळी, एकदा हरभऱ्याच्या. समुद्रावरून येणारी ओल ऐन वेळी दुसरीकडे वळली. मग काय! आर्णीत चहा प्यायला गेलो तर चहावाला ओरडे, "मॅडम आल्या, पापड वाळत घाला!" मॅडम हसून सोडून देत. पण एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, अख्ख्या जिल्ह्यानं नाही मानलं तरी चालेल. बापूनं एकदा मानावं."

आणि मग आलं यंदाचं सोयाबीन.

तांड्याचं सगळं पीक कापून वावरात पडलेलं. आभाळ स्वच्छ. मॅडमच्या स्क्रीनवर मात्र बंगालच्या उपसागरावरून ओल सरळ आमच्याकडे निघालेली. त्यांनी लिहिलं, "उद्या दुपारनंतर विजांसह जोरदार पाऊस. कापलेलं सोयाबीन आजच गोळा करून झाका." लगेच खाली बापूंचा फोटो. निळं आभाळ! मॅडमनी फोन लावला, बापूंनी उचलला नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "तांड्याचं वर्षभराचं पोट त्या वावरात पडलं आहे हो. बापू झाकतील तरच तांडा झाकेल."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडक ऊन. मी तर वर बघायचंच सोडून दिलं होतं. मग वारा एकदम पडला, अंग चिकचिकलं, आणि कापसासारखे पांढरे ढग बघता बघता काळे होऊन डोक्यावर आले. गार झोत आला आणि पाऊस असा कोसळला, असा कोसळला! गजूभाऊ अंगणात भिजत नाचायला लागले, "आमच्या मॅडमचा पाऊस! आमच्या मॅडमचा पाऊस!" मॅडम तेवढ्या नाचत नव्हत्या. त्या फोनच लावत होत्या.

जोर ओसरल्यावर त्यांना गाडीवर मागं बसवून तांड्याकडे निघालो. वावराच्या बांधावर गाडी थांबवली अन् मी बघतच राहिलो. एकूण एक गंजी झाकलेली! ताडपत्र्या, खताच्या पोत्यांचे शिवलेले पडदे, आणि निवडणुकीचे फ्लेक्ससुद्धा! सगळ्या पक्षांचे पुढारी हात जोडून सोयाबीनवर उताणे पडलेले. कडेनं दगड ठेवलेले. एक दाणा भिजला नव्हता.

मॅडमची काकू धावत आली, लेकीच्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "आमी तं कालच झाकलं ना माय! तुहा अंदाज आला का नायक पयले ताडपत्र्याच काढाले लावते. मागं दोनदा पाणी नाही आलं, तवाही झाकलंच होतं. पण कोणाले एक शब्द बोलू नाही देल्ला तुह्या बापानं!"

बापू बाजूलाच उभे होते, पागोट्यातून पाणी गळत होतं. मॅडम रडत होत्या की हसत होत्या, सांगता येत नव्हतं.

"बापू! मग तो निळ्या आभाळाचा फोटो कायले टाकता?"

बापूंनी वर ढगाकडे एक नजर टाकली. मग लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी म्हणाले,

"हळू बोल, माय! पावसाले कळलं का तो दुसरीकडंच वळते! त्याले वाटू दे, आपल्याले काही माईतच नाही!"