शेवंताबाईंची रांग

रविवारची उपासना सुटली की शेवंताबाई चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली पाट टाकून बसायच्या. पुढ्यात जर्मनचं घमेलं, बाजूला गरम पाण्याची किटली, बिस्किटाच्या डब्यात कापूस आणि जुन्या धोतरांच्या उकळून वाळवलेल्या पट्ट्या. यावलच्या केळीबागांत राबणारे मजूर, केळीच्या चिकानं कपडे काळे पडलेले, पायाला जखमा घेऊन त्यांच्यापुढे रांग लावायचे. नवरा गेला त्या वर्षी प्रार्थनेत त्यांना वाटलं होतं, देव म्हणतोय, ऊठ, माणसांकडे बघ. तेव्हापासून बारा वर्षं एक रविवार चुकला नव्हता. हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. गुण देवाचा, असं बाई म्हणायच्या. हात मात्र आपला, हे त्या विसरत नसत.

एक्याण्णव साली चर्चला नवे पाळक आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको मंदाबाई. धुळ्याची, नर्सिंग शिकलेली. पहिल्याच महिन्यात तिनं व्हरांड्यात टेबल मांडलं. पांढऱ्या जाळीच्या पट्ट्या, जांभळं औषध, चकचकीत चिमटे. पहिल्या रविवारी चौघं तिकडे सरकले. दुसऱ्या रविवारी दहा. शेजारच्या भिकुबाई म्हणाल्या, आता तो पाट घरी न्या, पाहुण्यांना बसायला होईल.

"चिमट्यानं धरायला माणूस काय पापड आहे?" शेवंताबाई म्हणाल्या.

प्रार्थनेत मात्र त्या मंदाबाईसाठी आवर्जून मागायच्या. देवा, तिच्या नवऱ्याला मोठ्या गावाचं चर्च मिळू दे. लवकर मिळू दे.

सहाव्या रविवारी चिंचेखाली एकटा धनसिंग उरला. तो शिरपूरकडून केळी कापायला आलेला. त्याच्या तळपायाची जखम दोन वर्षं भरत यायची आणि पुन्हा उघडायची. पण गडी असा, की कितीही रगडून पुसा, हूं नाही की चूं नाही. बाईंनी भर उपासनेत साक्ष दिली होती, सगळं सोसूनही न कुरकुरणाऱ्या ईयोबाचा धीर पाहायचा असेल तर धनसिंगाकडे पाहा. मागच्या दाराशी उभा धनसिंग तेव्हा लाजून खाली बघत राहिला होता.

त्याच दिवशी, तो गेल्यावर, मंदाबाई आवार ओलांडून आली आणि सरळ मातीत बसली. हळूच म्हणाली, "अक्का, पाय धुताना त्याला दुखतं का हो? त्याच्या कोपराशी फिकट चट्टा दिसला मला."

ती काय विचारतेय, ते शेवंताबाईंना लगेच कळलं. येशूनं बरे केलेले दहा कुष्ठरोगी त्या दरवर्षी पोरांना शिकवायच्या. एकच आभार मानायला परतला, त्यावर तर त्यांचा फार भर असायचा. आणि आता ही कालची बाई सांगणार, दोन वर्षं रोग तुमच्या मांडीवर होता आणि तुम्हाला दिसला नाही?

"दुखतं की," त्या म्हणाल्या. "कळवळतो बिचारा."

मंदाबाईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि उठून गेली.

पुढचा रविवार. घमेल्यात पाणी ओतलं की आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायचं, ही शेवंताबाईंची रीत. त्या दिवशी त्यांचा डोळा व्हरांड्यावर होता. बारा वर्षं त्यांच्याच रांगेत बसून कौतुकानं त्यांच्या कपाळावरून बोटं मोडणारी यशोदाबाई तिथे मंदाबाईची दृष्ट काढत होती. बाईंनी न बघताच किटली रिकामी केली. धनसिंगानं पाय घातला आणि आपल्या गाभण बकरीचं सांगत राहिला. बाईंनी फडकं बुडवलं आणि चटका बसून हात मागे घेतला. धनसिंगाचा पाय तसाच पाण्यात. बकरीचं सांगणं चालूच.

"धनसिंग, पाय काढ."

"का व्हयनं, अक्का?"

"पाणी कढत आहे."

पाय लालबुंद झाला होता. त्यानं तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. "या पायले कायबी कळस नही, अक्का."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही चर्चमा बठ्ठा लोकेसले सांगं, मना धीर मोठा शे. मंग मी कसा सांगू?"

शेवंताबाईंनी त्याच्या पायावर तांब्यामागून तांब्या गार पाणी ओतलं. मग त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि सगळ्या आवारादेखत त्याला व्हरांड्यापर्यंत नेलं.

"मंदाबाई, मी खोटं बोलले. याला दुखत नाही."

मंदाबाईनं स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. पाय पाहिला, स्पर्श कळतो का ते बघायला चट्ट्यावरून कापूस फिरवला. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, उद्या मीच घेऊन जाते, रोग बरा होतो, असं तिनं धनसिंगाला समजावलं. खोट्याबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं, असं शेवंताबाईंना वाटलं. तिचा हा मोठेपणाही त्यांना सोसवेना.

पुढच्या रविवारी धनसिंग आवाराच्या मधोमध उभा राहिला.

"अक्का, तठे जाऊ का?"

"जा," त्या म्हणाल्या.

त्या पाटावरून उठल्या. मग घमेलं आणि किटली उचलून व्हरांड्यात गेल्या.

"सरका. पाणी मी बघते," त्या मंदाबाईला म्हणाल्या. "कोमट की कढत, ते चिमट्याला कळत नाही."

मंदाबाई सरकली. यशोदाबाई पुन्हा तिच्याच कपाळावरून बोटं मोडत होती, कडाकडा आवाज आला. शेवंताबाईंनी तिकडे पाहिलं नाही. कोपर पाण्यात बुडवलं आणि नजर पाण्यावरच ठेवली.