पास्कलकाकांचं कानाचं मशीन आणि माझा लिनक्सवाला लॅपटॉप

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. एका सोमवारी सकाळी सुनीताताईंनी मला त्यांच्या वसईच्या क्लिनिकमध्ये बोलावलं. "लॅपटॉप घेऊन ये," एवढंच फोनवर म्हणाल्या.

सुनीताताई ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची मशीन बसवून देणाऱ्या. विरारला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. मी तेव्हा एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचं काही बिघडलं की हाक मला…

गेले तर बाकावर भुईगावचे पास्कलकाका आणि मार्थाकाकू बसलेले. काकांना ऐकू कमी येतं, त्यांचं मशीन ताईंनीच बसवलेलं. काकूंच्या घशाचं दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं आणि आवाज गेला… नुसती कुजबुज उरली. ती काकांच्या मशीनला पकडता येत नव्हती.

मुलगी गल्फमध्ये, घरात ही दोघंच. काकू पाटीवर लिहायच्या आणि काका चष्मा शोधायचे, असं चाललं होतं. पण आदल्या आठवड्यात काकू वाडीत विहिरीजवळ घसरून पडल्या. उरलेल्या कुजबुजीतच हाका मारत राहिल्या… काका पडवीत पेपर वाचत होते. अर्ध्या तासाने शेजारणीने पाहिलं.

हळू आवाज जास्त मोठा करून ऐकवेल असं सेटिंग मशीनमध्ये भरायचं होतं. काम दहा मिनिटांचं. पण क्लिनिकच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड शनिवारी गेला होता आणि नवा यायला आठवडा लागणार होता. ताईंना आठवडाभर थांबायचं नव्हतं.

आता अडचण सांगते. मशीनमध्ये सेटिंग भरायला एक डबी असते, पुढून तिला कानातून काढलेलं मशीन जोडतात आणि मागच्या बाजूने ती कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या जुन्या सिरीयल पोर्टला लागते. माझ्या लॅपटॉपला तसला पोर्टच नव्हता, फक्त यूएसबी. शिवाय प्रोग्राम विंडोजचा, आणि मी व्हायरसला कंटाळून विंडोज काढून लिनक्स टाकलेलं.

स्टेशनजवळच्या दुकानातून यूएसबी टू सिरीयल केबल आणली. लिनक्सवर वाइन नावाची सोय होती, तिच्यात विंडोजचे प्रोग्राम चालतात. ताईंची सीडी घातली, प्रोग्राम इन्स्टॉल झाला, उघडलासुद्धा. मला वाटलं, झालं काम…

"डबी सापडत नाही," प्रोग्राम म्हणाला.

कारण समजत होतं. तो प्रोग्राम डबी 'कॉम वन' नावाच्या पोर्टवर शोधत होता आणि लिनक्सने त्याच केबलला वेगळंच नाव दिलं होतं. 'कॉम वन म्हणजे ही केबल' असं वाइनला एका ओळीत सांगता येतं. ते सांगितलं. तरी डबी सापडेना. केबल बदलून आणली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला… तेच.

तासभर गेला. काकू माझ्याकडे बघत होत्या, काका काकूंकडे.

शेवटी खालच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. कुठल्याशा फोरमवर माझ्यासारख्याच अडलेल्या एकाला कुणीतरी चार ओळींचं उत्तर दिलं होतं. नाव बरोबर दिलं तरी तो पोर्ट वापरायची परवानगी तुमच्या लॉगिनला आहे का, ते बघा. माझ्या लॉगिनला नव्हती. एवढंच होतं.

परत वर आले, परवानगी दिली आणि डबीवरचा हिरवा दिवा लागला. काकांच्या मशीनचं आधीचं सेटिंग स्क्रीनवर आलं. मी आनंदाने मागे रेलले, तशी केबल किंचित हलली आणि सगळं गेलं… यूएसबीचं टोक सैल बसत होतं.

ताई गंभीर झाल्या. "सेटिंग वाचताना जोडणी तुटली तर हरकत नाही. भरताना तुटली तर मशीन कायमचं बंद पडू शकतं. आणि काकांकडे हे एकच आहे."

मी म्हटलं, थांबू या आठवडाभर. मला खरंच भीती वाटत होती.

ताईंनी ते सगळं पाटीवर लिहून काकांपुढे धरलं. त्यांनी सावकाश वाचलं, काकूंकडे पाहिलं. "भरा," म्हणाले. "हिचं ऐकू येत नसेल तर ते मशीन ठेवून तरी काय करू?"

मी केबल पुन्हा लावली, जोडणी तपासली आणि लॅपटॉपशेजारी गुडघ्यावर बसून ते टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. ताईंनी बटण दाबलं. स्क्रीनवरची पट्टी इतकी हळू सरकत होती की मी बघायचंच सोडलं, काकूंच्या पायातल्या चपलांकडे बघत राहिले…

"झालं," ताई म्हणाल्या.

त्यांनी मशीन काकांच्या कानात बसवलं, त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि काकूंना बोलायची खूण केली. काकू मागून काहीतरी कुजबुजल्या. त्यांची घरची बोली, त्यात इतका बारीक आवाज… मला काहीच कळलं नाही.

काकांनी मात्र मान न वळवता हात मागे नेला आणि शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"काय म्हणाल्या?" ताईंनी विचारलं.

"कॉलर नीट करा म्हणते. घरातून निघाल्यापासून सांगतेय म्हणे." मग ते वळले आणि काकूंकडे नुसते बघत राहिले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. ताई उगाचच डबीची वायर गुंडाळायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी पुन्हा सायबर कॅफेत गेले. त्या चार ओळींच्या खाली मीही लिहिलं, परवानगी दिल्यावर काम झालं, आणि केबल सैल असेल तर हाताने धरून ठेवा. पुढे कुणाला लागलं तर असावं म्हणून. उत्तर देणारा तो माणूस कोण, कुठला, मला आजही माहीत नाही… पण भुईगावात दोन माणसं त्याचं देणं लागतात, आणि तिसरी मी.