सफेतली जागा

काल जुम्म्याच्या नमाजला शेजारी उभ्या राहिलेल्या खलाशाच्या सदऱ्याला सुक्या बोंबलांचा वास होता, आणि मला माझ्या तरुणपणातला एक जुम्मा आठवला.

त्याआधी बरेच दिवस मी मशिदीत गेलो नव्हतो. सुकाणू धरून बसलो असताना माझा डोळा लागला होता, होडी श्रीवर्धनजवळच्या खडकावर आपटली होती आणि माझा दोस्त हनीफ बुडाला होता. त्या दुपारी आत शिरलो तर मागून कोणीतरी म्हणालं, "आता अल्ला आठवला काय रे?" मी सफेत, म्हणजे नमाजच्या रांगेत, उभा राहिलो आणि दोन्हीकडची माणसं दूर सरकली.

मी परत फिरणार, तोच पुढच्या सफेतून हनीफचे वडील इब्राहिमचाचा मागे आले आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांच्या अंगालाही तोच बोंबलांचा वास.

"चाचा, मी जातो," मी पुटपुटलो.

"गप उभा ऱ्हा. मी तुला माफ केलेला न्हाय. पन रहम अल्लाचा हाय, माज्या घरचा न्हाय. आनि सफेत जागा सोडायची नसते."

चाचांचं ते शेजारी उभं राहणं तेव्हा मला शिक्षा वाटलं; त्यांनी माझी जागा राखली होती, हे फार उशिरा कळलं. चाचांनी मला मरेपर्यंत माफ केलं नाही, आणि तो त्यांचा हक्क होता. रोज सजद्यात डोकं टेकलं की हनीफ समोर येतो. तरीही अजून कोणी कुजबुजतं, ह्याची नमाज कबूल होते काय? ते ठरवणारा हा कुजबुजणारा कोण? गुन्हा माझा आहे. जागाही माझीच आहे, आणि ती मी सोडणार नाही.